वार रुजते तेव्हा : आईची प्रतिकारशक्ती आणि गर्भ यांच्यातील पहिला संवाद

दुसऱ्या माणसाचे मूत्रपिंड एखाद्या रुग्णाला बसविले, तर त्याचे शरीर ते सुखासुखी ठेवून घेत नाही. रक्तगट जुळवावा लागतो, पेशींवरील खुणा जुळवाव्या लागतात आणि एवढे करूनही रुग्णाला पुढे प्रतिकारशक्ती दडपून ठेवणारी औषधे घेत राहावी लागतात. दाता सख्खा भाऊ असला तरी सहसा यातून सुटका नसते. आता आईच्या उदरातील बाळाचा विचार करा. त्याची निम्मी गुणसूत्रे पित्याकडून आलेली, म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीने परकी. तरीही ते बाळ नऊ महिने तेथे राहते, वाढते आणि तिच्याच रक्तातून अन्न व प्राणवायू घेते. त्यासाठी कोणतेही औषध लागत नाही. हे कसे घडते?

हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा नाही. तळेरे हे तिठ्याचे गाव. मुंबई-गोवा महामार्गाला येथे एका अंगाने विजयदुर्गाचा रस्ता मिळतो आणि दुसऱ्या अंगाने वैभववाडी-गगनबावडामार्गे कोल्हापूरचा. या परिसरातील एखाद्या गरोदर स्त्रीची प्रकृती अचानक बिघडली, तर गाडी कणकवलीकडे वळवायची, पुढे ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत न्यायची, की करूळचा घाट चढून कोल्हापूर गाठायचे, याचा निर्णय घरच्यांना याच तिठ्यावर घ्यावा लागतो. अशा प्रसंगी एक कारण वारंवार कानी येते : सातव्या-आठव्या महिन्यात एकाएकी चढलेला रक्तदाब. तो त्या दिवशी लक्षात आला, एवढेच. त्याचे मूळ पुष्कळदा गर्भारपणाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत, वार गर्भाशयात रुजत असताना, पडलेले असते. आणि वार किती खोल रुजावी, हे ठरविण्यात आईच्या प्रतिकारशक्तीने पाठविलेल्या सूक्ष्म संदेशांचा फार मोठा वाटा असतो. प्रस्तुत लेखात या संदेशांची ओळख करून घ्यावयाची आहे.

मेडावर यांचा प्रश्न

वरील कोडे नेमक्या शब्दांत प्रथम मांडले ते ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी, १९५३ साली. एकाची त्वचा दुसऱ्याच्या अंगावर का टिकत नाही, याचा अभ्यास त्यांनी केला होता आणि त्याच क्षेत्रातील कार्याबद्दल १९६० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. गर्भ टिकतो याची तीन संभाव्य कारणे त्यांनी सुचविली : आई व बाळ यांच्यात शरीररचनेचाच आडपडदा असावा, किंवा गर्भाच्या पेशींवरील खुणा अजून कच्च्या असाव्यात, किंवा गर्भारपणात आईची प्रतिकारशक्ती सुस्तावत असावी. पुढील पिढ्यांतील संशोधकांनी ही तिन्ही उत्तरे तपासली आणि तिन्ही अपुरी ठरली. विशेषतः तिसरे उत्तर जनमानसात इतके घट्ट बसले आहे की ‘गरोदर बाईची प्रतिकारशक्ती कमी होते’ असे आपण आजही सहज म्हणून जातो. गर्भाशयाच्या आत मात्र चित्र अगदी वेगळे दिसते. तेथे प्रतिकारशक्तीच्या पेशींची गर्दी असते आणि त्या कामात असतात.

हे समजण्यासाठी आपल्याकडील हापूसच्या कलमाची उपमा काही अंतरापर्यंत उपयोगी पडते. खुंट एका झाडाचा, डोळकाडी दुसऱ्या झाडाची. सांधा नीट बसला तर दोन्ही एकजीव होतात, नाही तर काडी सुकते. पण कलमात दोन्ही बाजू निमूटपणे जुळून येतात. येथे मात्र येणारा पाहुणा स्वतः मुळे सोडतो आणि यजमानाच्या घरात आत शिरतो. काही लेखक यावरून गर्भाला परोपजीवी म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत बांडगूळ. ही तुलना मला पटत नाही. बांडगुळासाठी आंब्याचे झाड कधी जागा तयार करून ठेवत नाही. गर्भाशय ती करते आणि तीही गर्भ पोहोचण्यापूर्वीपासून. लावणीपूर्वी शेतकरी खाचरात चिखलणी करून तरव्यासाठी जमीन मऊ करतो, तसेच काहीसे येथे घडते.

मुळे किती खोल जातात?

फलित झालेले बीज साधारण सहाव्या-सातव्या दिवशी गर्भाशयाच्या अस्तराला टेकते आणि दुसरा आठवडा संपण्याच्या सुमारास पूर्णपणे अस्तरात रुतलेले असते. त्याच्या बाह्य थरातील पेशींना ट्रोफोब्लास्ट म्हणतात. याच पेशींपासून पुढे वार तयार होते. त्यांपैकी काही पेशी वारेच्या झुपक्यांवर राहून आईच्या रक्तातून अन्न शोषून घेण्याचे काम पत्करतात. दुसऱ्या काही पेशी मात्र झुपक्याच्या टोकापासून सुटून आईच्या अस्तरात शिरतात, वाट काढत पुढे जातात आणि गर्भाशयाच्या स्नायूच्या आतील एक-तृतीयांश भागापर्यंत पोहोचतात. आपल्या कथेच्या नायिका म्हणजे या घुसणाऱ्या पेशी.

त्यांचे गंतव्यस्थान म्हणजे आईच्या गर्भाशयातील नागमोडी धमन्या. एरवी या धमन्या अरुंद असतात. त्यांच्या भिंतीत स्नायू असतो आणि तो आकुंचन पावला की रक्ताचा ओघ कमी होतो. ट्रोफोब्लास्ट पेशी या धमन्यांपर्यंत पोहोचून त्यांच्या भिंतीतील स्नायू हटवितात, आतले अस्तर बदलतात आणि अरुंद नळीचे रूपांतर रुंद, सैल मुखात करतात. मग आईचे शरीर घाबरले, थंडीने कुडकुडले, तरी या मुखातून रक्त संथपणे वाहत राहते. गर्भारपणाच्या अखेरीस गर्भाशयाकडे मिनिटाला सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त जाते. एवढा ओघ या रुंदीकरणाशिवाय शक्य नाही. हे काम बहुतांशी विसाव्या आठवड्यापर्यंत उरकलेले असते.

पेशी उथळच राहिल्या तर धमन्या अरुंद राहतात, वारेला रक्त कमी व झटक्याझटक्याने मिळते, बाळ खुजे राहते आणि त्रासलेली वार आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की ज्यांमुळे तिच्या सर्व रक्तवाहिन्या बिघडतात. रक्तदाब चढतो, लघवीत प्रथिने जातात, मूत्रपिंड व यकृत यांच्यावर ताण येतो आणि क्वचित झटके येतात. यालाच प्री-एक्लॅम्पसिया आणि झटके आल्यास एक्लॅम्पसिया म्हणतात. या आजारात गर्भाशयातील धमन्या अरुंदच राहिलेल्या असतात, हे बेल्जियमचे इव्हो ब्रोसेन्स व त्यांचे सहकारी यांनी १९७२ पर्यंत स्पष्ट केले होते. जगभरात शंभर गरोदरपणांपैकी दोन ते आठ गरोदरपणांत हा आजार उद्भवतो. अर्थात त्याचे सगळेच प्रकार उथळ रुजण्यातून येत नाहीत; दिवस भरण्यापूर्वी, लवकर उद्भवणारा तीव्र प्रकार मात्र त्याच्याशी विशेष जोडलेला आहे.

उलटही घडू शकते. पेशी मर्यादेबाहेर खोल गेल्या तर प्रसूतीनंतर वार सुटत नाही आणि जीवघेणा रक्तस्राव होतो. पूर्वीच्या सिझेरियनच्या व्रणावर वार रुजली तर हा धोका वाढतो, कारण व्रणाच्या जागी ते तयार केलेले, लगाम घालणारे अस्तर नीटसे नसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात शंभरांतील २१.५ प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. म्हणून हा दुसरा धोकाही आता दुर्मीळ म्हणून सोडून देण्याजोगा राहिलेला नाही.

तेव्हा प्रश्न मापाचा आहे. कमी नको, अधिक नको. हे माप कोण ठरविते?

पहारेकरी की वाटाडे?

पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरातील पांढऱ्या पेशी मोजल्या तर त्यांपैकी सुमारे सत्तर टक्के एकाच जातीच्या आढळतात. त्यांचे नाव भीतिदायक आहे : नॅचरल किलर, म्हणजे निसर्गतः मारक पेशी. रक्तात फिरणाऱ्या याच कुळातील पेशी विषाणूंनी ग्रासलेल्या व कर्करोगग्रस्त पेशींना ठार करतात. मग ज्या जागी नवा जीव रुजावयाचा तेथेच या मारक पेशींचा गराडा का? पूर्वी तर्क असा होता की त्या गर्भावर टपलेल्या आहेत आणि गर्भ कसाबसा त्यांच्या तावडीतून सुटतो. तो तर्क चुकीचा होता. गर्भाशयातील या पेशी दिसण्यात, वागण्यात आणि त्यांच्या पृष्ठभागावरील खुणांतही रक्तातील पेशींपेक्षा निराळ्या असतात. ठार मारण्याकडे त्यांचा कल फारसा नसतो. त्यांचे मुख्य काम संदेश पाठविण्याचे आहे.

या संदेशांना सायटोकाइन म्हणतात. सायटोकाइन म्हणजे एका पेशीने सोडलेले लहानसे प्रथिन. ते शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावरील ठरावीक कुलपात किल्लीसारखे बसते आणि त्या पेशीच्या आत एक साखळी हलते. साखळीचे शेवटचे टोक पेशीच्या केंद्रकात पोहोचून काही जनुके जागी करते, काही निजविते. अशा रीतीने पेशीचे वर्तन बदलते. त्यांपैकी पुष्कळांची नावे इंटरल्यूकिन, म्हणजे पांढऱ्या पेशींचे आपसातील बोलणे, अशा अर्थाची आहेत. नावांवर मात्र फार विसंबू नये. ज्याने जो रेणू ज्या संदर्भात प्रथम पाहिला त्याने तेथलेच नाव दिले. म्हणूनच गर्भ रुजविण्यास आवश्यक असलेल्या एका रेणूचे नाव ल्युकेमियाशी जोडलेले आहे, तर दुसऱ्याचे गाठी मारण्याशी.

ट्रोफोब्लास्ट पेशी पुढे सरकते ती कशी? आईच्या अस्तरात पेशींच्या मधली जागा कोलेजनसारख्या तंतूंच्या जाळ्याने भरलेली असते. पुढे जाण्यासाठी हे जाळे कापावे लागते. त्यासाठी पेशी मेटॅलोप्रोटिनेज नावाची विकरे सोडते. त्यांना आपण कात्र्या म्हणू. या कात्र्यांना म्यान घालणारी प्रथिनेही तीच पेशी व तिच्या भोवतीच्या पेशी तयार करतात. कात्र्या अधिक की म्याने अधिक, यावर पेशीची चाल ठरते आणि हा तोल सायटोकाइनांच्या हाती असतो. कर्करोगाच्या पेशीही अशाच कात्र्यांनी शरीरात पसरतात. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की ट्रोफोब्लास्ट पेशी ठरलेल्या जागी थांबते.

आता काही संदेशवाहकांची ओळख करून घेऊ. ल्युकेमिया इनहिबिटरी फॅक्टर, थोडक्यात लिफ, हा रेणू गर्भाशयाचे अस्तर गर्भ टेकण्याच्या सुमारास सोडते. कॉलिन स्टुअर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हा रेणू तयार न करू शकणाऱ्या उंदरांच्या माद्यांवर प्रयोग केला. त्यांच्यात गर्भ तयार होत होते, पण रुजत नव्हते. तेच गर्भ सामान्य मादीच्या गर्भाशयात ठेवले असता रुजले. जमीन बोलली नाही तर चांगले बीजही रुजत नाही, असा याचा अर्थ. मानवी ट्रोफोब्लास्ट पेशींवर प्रयोगशाळेत लिफ घातले असता त्यांची आत शिरण्याची क्षमता वाढते, हेही पुढे दिसून आले.

ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हा त्याच्या उलट बाजूचा. व्हिएन्ना येथील संशोधकांनी २००४ मध्ये दाखविले की पहिल्या तिमाहीतील वारेच्या झुपक्यांवर हा रेणू घातल्यास पेशींची चाल मंदावते, कारण त्यामुळे कापणाऱ्या विकरांना लगाम घालणारे एक प्रथिन वाढते. टीजीएफ-बीटा हा रेणूही लगामच. त्याचा धडा १९९१ सालीच कॅनडात चार्ल्स ग्रॅहॅम व पीयूष लाला यांनी दिला होता. मारक पेशींकडून येणारे संदेश मात्र अधिक मनोरंजक आहेत. जेरुसलेमच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखविले की गर्भाशयातील या पेशी इंटरल्यूकिन-८ आणि आयपी-१० हे रेणू सोडून ट्रोफोब्लास्ट पेशींना आपल्याकडे ओढून घेतात आणि शिवाय नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीलाही चालना देतात. ज्यांना आपण मारेकरी समजत होतो, ते वाटाडे निघाले.

परळची प्रयोगशाळा आणि एक अडचणीचे उत्तर

या विषयात आपल्या महाराष्ट्रातही काम झाले आहे. मुंबईत परळ येथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन आरोग्यावरील राष्ट्रीय संस्था आहे. के. ई. एम. रुग्णालय व ही संस्था यांच्या सहकार्यातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत प्रयोगशाळेत फलित झालेल्या बाळाचा जन्म झाला, हे अनेक ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. त्या पद्धतीविषयी ख्रिस्तसभेची भूमिका वाचकांस परिचित आहे आणि तो आजचा विषय नव्हे. आजच्या विषयाशी जोडलेली गोष्ट अशी की, बीज डोळ्यांसमोर फलित करता आले तरी ते गर्भाशयात रुजेलच असे कोणालाच सांगता येत नव्हते. रुजण्याचे गूढ तसेच राहिले आणि त्याच संस्थेत पुढे त्याचा शोध सुरू राहिला.

दीपक मोदी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक सुबक प्रयोग प्रसिद्ध केला. गर्भाशयाच्या अस्तरातील पेशी त्यांनी बशीत वाढविल्या आणि गर्भारपणात होतो तसा बदल त्यांच्यात घडवून आणला. मग त्या पेशी बाजूला ठेवून, त्या ज्या द्रवात वाढल्या तो द्रव तेवढा घेतला आणि ट्रोफोब्लास्ट जातीच्या पेशींना दिला. त्या पेशींची घुसण्याची क्षमता वाढली. आईच्या पेशी तेथे नव्हत्या, पण त्यांनी सोडलेले संदेश द्रवात उरले होते आणि तेवढे पुरेसे ठरले. घुसण्याची क्षमता मोजण्याची रीतही सोपी आहे : तळाला बारीक भोके असलेला छोटा पेला घ्यावयाचा, तळावर प्रथिनांचा थर लिंपावयाचा, वरून पेशी सोडावयाच्या आणि ठरावीक वेळानंतर थर कापून खाली उतरलेल्या पेशी मोजावयाच्या.

इंटरल्यूकिन-११ या रेणूची कथा मात्र सरळ नाही आणि म्हणूनच ती सांगण्याजोगी आहे. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रोगप्रतिकारशास्त्र संस्थेतील पंकज सुमन व सतीश गुप्ता यांनी जर्मनीतील येना येथील सहकाऱ्यांसह २००९ मध्ये दाखविले की हा रेणू जेईजी-३ या पेशींना अधिक घुसखोर बनवितो. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून इव्हा दिमित्रियादिस यांच्या गटाने नेमके उलट प्रसिद्ध केले : इंटरल्यूकिन-११ मुळे ट्रोफोब्लास्टची घुसखोरी घटते. खरे कोणाचे? दोघांचेही. जेईजी-३ या पेशी मुळात वारेच्या कर्करोगातून आलेल्या आहेत. ऑस्ट्रेलियातील पेशी पहिल्या तिमाहीतील साध्या वारेच्या वंशातील होत्या. संदेश एकच, पण ऐकणारा निराळा. २०१२ मध्ये दिल्ली, परळ व येना येथील संशोधकांनी एकत्र येऊन दोन्ही प्रकारच्या पेशींवर या रेणूचा परिणाम व त्यामागील आतली साखळी तपासली. त्यानंतर २०१५ मध्ये मेलबर्नच्या गटाने उंदरांच्या माद्यांना गर्भारपणाच्या आरंभी इंटरल्यूकिन-११ अधिक प्रमाणात दिले, तेव्हा त्यांच्यात धमन्यांचे रुंदीकरण बिघडले आणि प्री-एक्लॅम्पसियासारखी लक्षणे दिसली. दुसरीकडे, या रेणूचा संदेश ऐकूच न शकणाऱ्या माद्यांना पिलेच होत नाहीत, हे १९९८ पासून ठाऊक आहे. एकच रेणू नसला तर गर्भ टिकत नाही आणि फार झाला तर वार बिघडते.

शांतता धोक्याची ठरते तेव्हा

माझ्या दृष्टीने या सर्व संशोधनातील सर्वांत बोलका शोध केंब्रिजमधील सुसान हिबी व अॅशली मॉफेट यांच्या गटाचा, २००४ सालचा आहे. गर्भाशयातील मारक पेशींवर काही ग्राहक असतात. त्यांपैकी काही पेशीला चालना देतात, काही ब्रेक लावतात. प्रत्येक स्त्रीचा हा संच जन्मजात निराळा असतो. हे ग्राहक ट्रोफोब्लास्टवरील एचएलए-सी नावाची खूण वाचतात आणि बाळाच्या या खुणेचा अर्धा भाग पित्याकडून आलेला असतो. हिबी यांना आढळले की आईच्या संचात ब्रेकच अधिक असतील आणि बाळाची खूण तो ब्रेक जोराने दाबणारी असेल, तर प्री-एक्लॅम्पसियाचे प्रमाण वाढते.

येथे क्षणभर थांबावे. मारक पेशी शांत राहिल्या म्हणजे गर्भ सुरक्षित, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात त्या अति शांत राहिल्या तर संदेश सुटत नाहीत, ट्रोफोब्लास्टला वाट सापडत नाही आणि वार उथळ रुजते. आईच्या प्रतिकारशक्तीने बाळाला नुसते सहन करणे पुरत नाही. तिने त्याची दखल घ्यावी लागते. शिवाय हा दोष आईचाही नाही आणि पित्याचाही. दोघांच्या खुणांची जी जोडी जुळून आली तिचा तो परिणाम आहे. ही तपासणी अजून दवाखान्यातील नेहमीच्या उपयोगाची झालेली नाही, हेही सांगून ठेवतो.

यानंतर २०१८ मध्ये केंब्रिज परिसरातील रोझर व्हेंतो-तोर्मो व सहकाऱ्यांनी पहिल्या तिमाहीतील वार व अस्तर यांच्यातील सुमारे सत्तर हजार पेशी एकेक करून वाचल्या आणि कोणती पेशी कोणता संदेश सोडते व तो कोण ऐकते याचा जणू नकाशाच काढला. त्यातही मारक पेशींचे तीन निरनिराळे गट दिसून आले. एखाद्या बाजारपेठेतील सर्वांचे बोलणे एकाच वेळी ऐकावे, असे हे काम आहे आणि त्याचा अर्थ लावणे अजून चालू आहे.

आपल्या घरात याचा काय संबंध?

गर्भ राहिला आणि पहिल्या तीन महिन्यांत गेला, की आपल्याकडे कारणांची यादी तयार असते. जड हंडा उचलला, पपई खाल्ली, ग्रहणात बाहेर पडली, कोणाची तरी दृष्ट लागली. हे सर्व त्या स्त्रीच्या तोंडावर किंवा पाठीमागे बोलले जाते आणि ती ते वर्षानुवर्षे मनात बाळगते. वस्तुस्थिती अशी आहे की समजून आलेल्या दर सात-आठ गर्भधारणांपैकी साधारण एक अशी आपोआप संपते आणि आरंभीच्या अशा गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये गर्भाच्या गुणसूत्रांतच बिघाड आढळतो. उरलेल्यांपैकी काहींत वर सांगितलेला संवाद बिघडलेला असू शकतो. तो संवाद पाळी चुकल्याचे कळण्याच्याही आधी सुरू झालेला असतो. हंडा उचलल्याने इंटरल्यूकिन-११ चे प्रमाण बदलत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची आहे. दोन-तीन वेळा गर्भ गेलेल्या जोडप्याला मोठ्या शहरांत कोणी तरी सांगते की बाईची प्रतिकारशक्ती बाळाला मारते आहे. मग रक्तातील मारक पेशी मोजल्या जातात, पतीच्या पांढऱ्या पेशी पत्नीला टोचण्याचा उपचार सुचविला जातो आणि घरातील दागिना मोडला जातो. वाचकांनी आतापर्यंतचा मजकूर वाचला असेल तर पहिली चूक त्यांच्या ध्यानी येईल : रक्तातील मारक पेशी आणि गर्भाशयातील मारक पेशी निराळ्या आहेत, हाताच्या शिरेतून काढलेले रक्त गर्भाशयातील बोलणे सांगू शकत नाही. पतीच्या पेशी टोचण्याच्या उपचाराची रीतसर चाचणी कॅरोल ओबर व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातून फायदा दिसला नाही, उलट गर्भ जाण्याचे प्रमाण वाढत असल्याची शंका आली. २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चाचण्यांबाहेर त्याचा वापर थांबविला आणि युरोपातील तज्ज्ञ संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही हा उपचार करू नये असेच सांगतात.

संदेशवाहक रेणू स्वतःच औषध म्हणून दिले तर? तेही करून झाले. गर्भ वारंवार न रुजणाऱ्या स्त्रियांना लिफ टोचून पाहिले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत लाभ झाला नाही. जी-सीएसएफ या दुसऱ्या रेणूची ब्रिटनमधील चाचणी २०१९ मध्ये निष्फळ ठरली. याचे आश्चर्य वाटू नये. जो संदेश योग्य घटकेला, योग्य जागी, मोजक्या मात्रेत पोहोचावा लागतो, तो सुईने सर्व शरीरात सोडल्याने काम कसे व्हावे?

याचा अर्थ सर्व तपासण्या व्यर्थ असा मात्र कोणी घेऊ नये. अँटिफॉस्फोलिपिड नावाची प्रतिद्रव्ये हा प्रतिकारशक्तीचाच एक खरा बिघाड आहे. वारंवार गर्भ जाणाऱ्या काही स्त्रियांत तो रक्ताच्या तपासणीतून सापडतो आणि अॅस्पिरिन व हेपॅरिन यांच्या उपचाराने त्यांना लाभ होतो. ही तपासणी डॉक्टरांनी सांगितली तर ती अवश्य करावी. त्यासाठी घाट ओलांडून कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीला जावे लागले तरी ती फेरी वाया जात नाही.

प्री-एक्लॅम्पसियाच्या बाबतीत तर आज हाती एक उपाय आहे आणि तो फार महागही नाही. ज्या स्त्रीला पूर्वी हा आजार झाला आहे, जिला आधीपासून रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, जिच्या पोटात जुळे आहे, तिला डॉक्टर कमी मात्रेची अॅस्पिरिन देतात. २०१७ च्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत, अधिक धोका असलेल्या स्त्रियांना अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांदरम्यान ती सुरू केली असता दिवस भरण्यापूर्वी उद्भवणारा प्री-एक्लॅम्पसिया साठ टक्क्यांहून अधिक घटला. ही गोळी स्वतःच्या मनाने घ्यावयाची नाही. दमा, पोटातील व्रण किंवा रक्तस्रावाची प्रवृत्ती असल्यास ती घातकही ठरू शकते. पण आपल्याला ती लागू आहे का, एवढे डॉक्टरांना विचारावयास कोणाची हरकत नसावी. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी होते. गावातील आशाताईंना त्याची माहिती असते आणि रक्तदाब व लघवी यांची नोंद मातेच्या कार्डावर तेथेच होते.

मात्र ही नोंदणी बाराव्या आठवड्याच्या आत व्हावी. माहेरी गेल्यावर पाहू, सण झाल्यावर पाहू, पाचवा महिना लागल्यावर सांगू, असे करता करता विसावा आठवडा उलटतो. मग अॅस्पिरिन सुरू करूनही फारसे साधत नाही, कारण तोपर्यंत धमन्या जेवढ्या रुंद व्हावयाच्या तेवढ्या झालेल्या असतात आणि वार रुजून गेलेली असते.